बाईंनी लिहिलेली नोंद

बाईंच्या ‘नाही’ला शेपूट नसे. आपण सगळे नाही म्हणताना पुढे काहीतरी जोडतोच. नाही, घरी पाहुणे आहेत. नाही, तब्येत जरा बरी नाही. बाई नुसतं ‘नाही’ म्हणत आणि समोरच्याकडे शांतपणे बघत राहत. तालुक्यातल्या एका कॉलेजात त्या आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. एकदा धीर करून मी त्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “कारण दिलं की माणूस कारणाशी भांडत बसतो. नुसत्या नाहीशी कोणी भांडून दाखवावं.”

त्या ब्राह्मणपुरीच्या. घर गुजर शेतकऱ्यांचं, केळी आणि कापूस पिकवणारं. बारीक अंगकाठी, सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. सासरच्या कुटुंबात नोकरी करणारी पहिली सून त्याच. लग्नकार्यातही ते बूट पायातून निघत नसत, आणि त्याबद्दल कोणी बोललंच तर बाईंना ऐकूच येत नसे.

रानात फिरताना कोणी नुसतं ‘झुडूप’ म्हटलं की त्या जागीच थांबत. “तुला कोणी ‘ए बाई’ म्हणून हाक मारली तर चालेल का? नाव घे. येत नसेल तर येत नाही म्हण. पण झुडूप म्हणू नकोस.” मी रनाळ्याची. शेतात वाढलेली. बांधावरच्या निम्म्या झाडांना आम्ही ‘रानटी’ म्हणून मोकळं व्हायचो. बाईंच्या हाताखाली पहिलं वर्ष माझं हे असं बोलणं विसरण्यातच गेलं.

एकदा आम्हाला घेऊन त्या तोरणमाळला गेल्या होत्या. परतीच्या एसटीत त्यांच्या मांडीवर झाडं दाबून वाळवायची लाकडी चौकट होती, पट्ट्यांनी आवळलेली. कंडक्टर म्हणाला, “बाई, हाई लगेज शे. टपवर टाका.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“आत पाला तं मरेलच शे ना, बाई!”

“मरेल शे म्हनीसनच त्याले जपनं पडस,” बाई म्हणाल्या. गाडीतली माणसं हसली. कंडक्टरही हसला, आणि त्याने शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून चौकटीला जागा करून दिली. वर्गात बाई चोख मराठी बोलायच्या. अहिराणीवर आल्या की समजायचं, आता विषय संपला.

बाईंच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, वसावेसर. सर धडगावकडच्या डोंगरातले. त्या भागातून शिकून वर आलेले आणि वनस्पतिशास्त्रात डॉक्टर झालेले. कॉलेजच्या मागच्या पडीक जागेत त्यांनी सातपुड्यातून आणलेली रोपं लावून एक बाग उभी केली होती. पुढे संस्थेला त्याच जागेवर मंगल कार्यालय बांधायचं सुचलं. बुलडोझर आला त्या सकाळी सर बागेच्या तोंडाशी जाऊन बसले आणि उठले नाहीत. मग चौकशी बसली. त्यांच्या बाजूने बोलायला स्टाफमधून एकच माणूस पुढे आलं, तेव्हा नव्यानेच लागलेल्या बाई. बाग गेली, सरांना नोकरीवरून काढलं. बाईंची नोकरी राहिली, पण विभागप्रमुखपद कायम त्यांच्या मागून आलेल्यांकडे जात राहिलं. त्यावर एकदाच बोलल्या होत्या, “ते टेबल फार मोठं होतं गं. माझ्या वह्या हरवल्या असत्या.”

सर आपल्या गावी परतले. शेती केली, आश्रमशाळेत शिकवलं, आणि डोंगर पालथे घालणं काही सोडलं नाही. त्या रांगांमधल्या वनस्पतींवर त्यांनी जे लिहिलं ते दूरदूरचे अभ्यासक वाचत होते. आमच्या तालुक्याला मात्र ते गेल्याचंही उशिरानेच कळलं.

त्यानंतर पुण्याहून बाईंना फोन आला. एक चरित्रकोश तयार होत होता आणि त्यात वसावेसरांवर नोंद हवी होती. बाई निवृत्त झाल्या होत्या. मी नंदुरबारला ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. त्यांनी मला बोलावून घेतलं. “मी लिहीन, तू टाइप कर. आणि मी कुठे भावनेच्या भरात लिहिलं तर मला टोक. कोशात भावना नको. खरं पाहिजे.”

कोशाला सगळ्यात आधी जन्मतारीख हवी असते. शाळेच्या दाखल्यावर सरांची तारीख होती एक जून. डोंगरातल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस एक जूनच असतो, कारण नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकलेली असते. बाईंना ते पटेना. आम्ही दोघी सरांच्या गावी गेलो. सरांच्या पत्नी मोगीबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. बाईंना भिली चांगली समजे, बोलताही येई. दोघी बराच वेळ बोलल्या. मग बाईंनी मला मराठीत सांगितलं, “सरांची आई मोहाची फुलं वेचायला गेली होती, तिथेच कळा सुरू झाल्या. फुलं पडत होती म्हणजे चैत्राच्या आगेमागे. जूनमध्ये कुठला आलाय मोहाला बहर!”

त्यांनी लिहिलं, ‘जन्म मोहाच्या बहरात, शाळेतील नोंद १ जून.’

संपादकांचा फोन आला. गृहस्थ सभ्य होते. “बाई, कोशात असं चालत नाही हो.”

“मग कोशात खोटं चालतं?”

 मग ते म्हणाले, “राहू दे.” ती लढाई बाईंनी जिंकली. सरांच्या गावाहून निघताना मोगीबाईंनी एकच विचारलं होतं, की सरांना काढलं ते पुस्तकात येणार का? लोक म्हणतात, स्वतःच सोडून आले. बाई म्हणाल्या होत्या, “येईल.”

आणि खरी लढाई त्यावरूनच झाली. बाईंनी लिहिलेलं वाक्य असं होतं, ‘महाविद्यालयातील वनस्पती-उद्यान तोडण्यास विरोध केल्यामुळे त्यांना सेवेतून काढून टाकण्यात आले.’ कोशवाल्यांनी सरांच्या फोटोसाठी संस्थेला कळवलं, सोबत नोंदीचा मजकूरही पाठवला. आठवड्याच्या आतच बाईंच्या अंगणात एक गाडी येऊन उभी राहिली. आप्पा आले होते. बाईंचे चुलतदीर, संस्थेच्या कार्यकारिणीवरचे. त्या दिवशी मी तिथेच होते. घरात ही मंडळी गुजरी बोलत. माझ्यासमोर म्हणून असेल, आप्पा अहिराणीवर आले.

“वहिनी, तुमी लिखा ते समदं चांगलं शे. एकच शब्द बदला. ‘काढी टाकं’ नका लिखू. ‘निवृत्त’ लिखा.”

“नाही.”

“एकच शब्द शे ओ!”

“एकच शब्द शे, मंग ऱ्हाऊ द्या ना तुमीबी.”

आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आवाज चढवला नाही. समोर त्यांची स्वतःची सून असती तर काय बोलले असते कोण जाणे, पण वडीलधाऱ्या वहिनीचा मान त्यांनी राखला. एवढंच म्हणाले, “हेतलनं यंदा कायम व्हवानं चालू शे. मी बोलेल शे वर. तुमीच इचार करा.”

हेतल म्हणजे बाईंची सून. त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होती. दर जूनला नव्याने नेमणूक, दर एप्रिलला पुन्हा घरी. ती आतून चहा घेऊन येत होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून ‘नाही’ येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना तो शब्द गिळताना बघत होते. त्या हेतलला म्हणाल्या, “बेटा, हे तुझं आहे. तू सांग.”

हेतलने ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि आप्पांना म्हणाली, “काका, चहा घ्या. आणि मम्मी, माझं नाव पुढे करून तुम्ही काही बदलू नका. उद्या मलाही काढलं, तर ‘निवृत्त’ झाली म्हणून सांगाल का लोकांना?”

आप्पा चहा न घेता गेले.

त्या जूनमध्ये हेतलला तास मिळाले नाहीत. कोणी काही बोललं नाही, नुसतं बोलावणं आलं नाही. ती घरातल्या पुढच्या खोलीत शिकवण्या घेऊ लागली आणि पुढे नंदुरबारच्या एका शाळेत लागली. रोजची एसटी, पहाटे डबा, संध्याकाळी अंधार पडल्यावर घर. बाईंनी यावर शौर्याचा मुलामा कधी चढवला नाही. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मेथी निवडता निवडता मला म्हणाल्या, “मला वाटायचं माझ्या हट्टाची किंमत मीच देते. तसं नसतं बघ. ती घरभर वाटली जाते.” पण वाक्य बदलू का, असं त्यांनी विचारलं नाही आणि हेतलनेही कधी सुचवलं नाही. सुनेचा डबा त्या दिवसापासून बाईच भरू लागल्या.

कोश निघाला. त्यात वसावेसर नव्हते. ‘जागेअभावी’ असं कळवलं गेलं. मला वाटलं होतं बाई खचतील. त्यांनी ते पत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, “हा कोश गेला. दुसरा कोणता आहे?”

मी त्यांना इंटरनेटवरच्या खुल्या ज्ञानकोशाबद्दल सांगितलं. तिथे कोणीही लिहू शकतं, कोणीही दुरुस्त करू शकतं. “कोणीही?” त्यांचे डोळे चमकले. “म्हणजे माझ्यासारखं कोणीही!” हेतलने त्यांना खातं उघडून दिलं. एका बोटाने एकेक अक्षर टिपत त्यांनी अख्खी नोंद चढवली. दुसऱ्या दिवशी वर पाटी लागली होती. या वाक्याला आधार काय? स्रोत द्या, नाहीतर मजकूर काढला जाईल.

मी चिडले. बाई चिडल्या नाहीत. “बरोबर विचारतायत. मी सांगते म्हणून कोणी का मानावं?” नंदुरबारच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली होत्या. तोंडाला रुमाल बांधून आम्ही दोघींनी त्या चाळल्या. बागेची बातमी आली होती, सरांना काढल्याचीही आली होती, आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली. बाईंनी वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान सगळं तळटीपेत घातलं. पाटी गेली.

मग दुसराच खेळ सुरू झाला. महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी बिननावाचा माणूस यायचा आणि तेवढंच वाक्य पुसून जायचा. कधी ‘निवृत्त’ लिहायचा, कधी ‘स्वेच्छेने सेवा सोडली’. सकाळचं दूध तापवलं की बाई आधी फोनवर ते पान उघडत. वाक्य गायब असलं तर परत घालत आणि मगच चहा टाकत. शेजारच्या बायका देवपूजा आटपून येत, तेव्हा यांची ही पूजा चाललेली असे. एकदा मी म्हटलं, “बाई, किती दिवस करणार असं?”

“तो थकेपर्यंत.”

“आणि तो थकलाच नाही तर?”

“मग त्यालाही रोज ते वाक्य वाचावं लागेल. वाचल्याशिवाय पुसता येत नाही.”

गेल्या हिवाळ्यात बाईंना दम लागू लागला. नंदुरबारच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा नाकाला नळी होती आणि नर्स त्यांना ‘आजी’ म्हणत होती. बाईंनी नळी थोडी सरकवून तिला स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मग तिचं विचारून घेतलं. माझ्याशी खिडकीबाहेरच्या करंजाबद्दल बोलल्या. त्याच्या शेंगा कोणी काढू नका, म्हणाल्या. सरांबद्दल काही बोलल्या नाहीत, मला काही बजावलंही नाही. थंडी सरायच्या आत त्या गेल्या.

अंत्ययात्रेला आप्पा आले होते. खांदा दिला. हेतलसमोर हात जोडून उभे राहिले. आलेल्या माणसांमध्ये बाईंचे विद्यार्थी इतके होते की बऱ्याच जणांना आम्ही ओळखतही नव्हतो. कोणी वनखात्यात, कोणी शाळेत, कोणी रोपवाटिका चालवणारं.

अजून सुतक चालू होतं, तेव्हा हेतलचा फोन आला.  “ताई, त्यांनी आजच पुसलं हो. चार दिवस तरी थांबायचं होतं. घरात इतकी माणसं आहेत, मला बसायला वेळ नाही. तुम्ही घालाल का?”

मी हातातलं काम टाकून पान उघडलं. वाक्य जागच्या जागी होतं, तळटीपेसकट. मला वाटलं हेतलने घाईत नीट बघितलं नसेल. मग बदलांचा इतिहास उघडला. सकाळी ते खरोखरच पुसलं गेलं होतं. आणि थोड्याच वेळात कोणीतरी परत घातलं होतं. ते खातं माझं नव्हतं, हेतलचं नव्हतं. नाव पूर्ण अनोळखी. कारणाच्या चौकटीत फक्त लिहिलं होतं, ‘खरे आहे म्हणून.’

मी हेतलला फोन लावला आणि ते नाव वाचून दाखवलं.

“कोण असेल?” ती म्हणाली.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “पण आता पुसणाऱ्याला म्हणावं, पूस किती पुसतोस ते.”