चाकावरचा हात

चाकावर हातोडी मारताना किसनआप्पांचा डावा तळहात त्याच चाकावर सपाट टेकलेला असायचा. पहिल्या दिवशी ते पाहून मला वाटलं, म्हातारा चाकाच्या पाया पडतोय. नुकताच डिप्लोमा करून साताऱ्याहून आलेली मी. हसू आवरलं नाही.

आमची कंपनी रेल्वेची डिझेल इंजिनं भाड्याने देते. ज्या कारखान्यांच्या आवारात स्वतःचे रूळ आहेत, पण मालगाडीचे डबे ओढायला इंजिन नाही, ते आमच्याकडून नेतात. परत आलेलं इंजिन मिरजेजवळच्या आमच्या यार्डात आधी आप्पांच्या हाताखालून जायचं. आप्पा पलूसचे, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर.

"बैल दुसऱ्याच्या रानात राबून आला की मानंवरनं हात फिरवावा लागतो," ते म्हणायचे. "जू लागलं म्हणून त्यो काय सांगतोय व्हय? ह्येबी तसंच."

एकदा एक ड्रायव्हर इंजिन घेऊन आला. आप्पांनी दोन चाकं चाचपली, एका जागी घासून सपाट झालेली, आणि विचारलं, "हातब्रेक न सोडता कुठवर वढलंस रं?" गडी आधी देवाच्या शपथा घेत होता. आप्पा नुसते बघत राहिले. शेवटी त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "गेटापतुर, आप्पा." मी थक्क झाले. त्या दिवसापासून हसणं बंद.

मग एका दुपारी आप्पा रुळात वाकलेले होते आणि मागून डबे हलवणारं शंटिंगचं इंजिन भोंगा वाजवत येत होतं. ते हलेचनात. मी धावत जाऊन त्यांना बाजूला ओढलं. तेव्हा कळलं, आप्पांना ऐकूच येत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून ते सगळं निभावत होते. डिझेलच्या आवाजात जन्म काढल्यावर कान राहणार कुठून!

"मालकास्नी सांगू नगंस, पोरी," ते म्हणाले. "इंजनं सुटली तर घरात बसून मी काय भिंती बघू?"

मी शब्द दिला. त्यानंतर ते रुळांवर असले की मी जवळपास राहू लागले.

पुढच्याच महिन्यात एक इंजिन परत आलं. दुसऱ्या दिवशी ते फलटणकडच्या एका कारखान्याला द्यायचं ठरलं होतं. मालक घाईत. तडा गेलेलं चाक ठोकलं की बद्द वाजतं. चाकं मी ठोकली, सगळी खणखणीत वाजली. शेजारी दुसरं इंजिन धडधडत होतं, पण माझ्या कानांवर माझा भरवसा होता. कागदावर सही करणार, तोच आप्पांनी तिसऱ्या चाकावर हात ठेवला, हातोडी मारली, पुन्हा मारली.

"ह्ये जायाचं न्हाई. ह्यो नाद मधीच मरतोय."

"आप्पा, मी ऐकलंय ना! नीट वाजतंय."

"न्हाई म्हनलं की न्हाई."

मालक आमच्याकडे बघत होते, चार फिटर बघत होते. माझा तोल गेला. "तुम्हाला ऐकू तरी येतं का?"

तोंडातून गेलं आणि मी हाताने तोंड झाकलं. आप्पांनी माझे ओठ वाचले होते.

"व्हय. येत न्हाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "म्हनून तर हात लावतोय."

मालकांनी चाक धुवायला लावलं. मी त्यावर भेगेत मुरणारा तपासणीचा लाल रंग फवारला, पुसला, वरून पांढरी पूड मारली. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. हळूहळू पांढऱ्यातून लाल रेघ वर आली, केसाएवढी, बोटभर लांब. डबे जोडलेले असताना ते चाक फुटलं असतं तर? मालकांनी टोपी काढून आप्पांना हात जोडले.

राहा म्हणून मालकांनी परोपरीने विनवलं. आप्पा ऐकेनात. "आता समद्यांस्नी ठावं झालं. उद्या भोंगा वाजला की तुमी माझ्यामागं पळनार. त्यापरीस मी जातो."

निघायच्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "आप्पा, मी शब्द मोडला. मला..." त्यांनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढले आणि माझ्या कानांत घातले. मग माझा हात धरून चाकावर सपाट टेकवला आणि हातोडी मारली.

तळहातातून कोपरापर्यंत काहीतरी थरथरत गेलं आणि बराच वेळ राहिलं. मी रडत होते. आप्पांचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण मला वाचता आलं.

"रडू नगं. हात हालतोय."

त्यांनी पुन्हा हातोडी उचलली. मी हात घट्ट टेकवला.