खणखणीत की बद्द

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण पुलावरचे लोक त्यांना गुणाजी म्हणायचे, म्हणून तुम्हीही म्हणा. आमचं बिऱ्हाड कल्याणला. ठाण्याच्या खाडीवरच्या रेल्वेच्या लोखंडी पुलाचे रिवेट, म्हणजे जोडाचे जाड खिळे, ठोकून बघायचे, हे त्यांचं काम. लहानशी हातोडी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर रिवेट घट्ट. बद्द वाजला तर सैल; मग खडूने फुली मारायची, की मागून कामगारांची गँग येऊन तो बदलणार. पुलाला काय दुखतंय ते ह्यांना बरोबर कळायचं. बायकोला काय दुखतंय ते कधी कळलं नाही, पण ते असो.

कानांचा ताठा तर केवढा! दर उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलो की मला हात लावू देत नसत. स्वतः बोटाने वाजवणार, सगळी रांग नापास करणार आणि शेवटी एक उचलणार. तुळसा कुंभारीण म्हणायची, "वहिनी, तुमचे साहेब आले की माझ्या मडक्यांना घाम फुटतो."

सत्तावन्न साली असाच एक उचलला. मी शेजारीच उभी होते. मला तो बद्द वाजलेला ऐकू आला. म्हटलं, "अहो, चिरलेला वाटतोय." तर माझ्यावरच डाफरले, "लोखंड कळतं मला, माती कळणार नाही?" घरी आणून भरला. सकाळी तिवईखाली तळं.

माठाचं काय मेलं, दुसरा आणू. पण मग एकेक आठवायला लागलं. मागून हाक मारली तर ओ देत नसत. दूधवाला कडी वाजवून वाजवून परत जायचा. मला वाटायचं, मुद्दाम करतायत, स्वभावच तिरसट. कसला डोंबलाचा स्वभाव! जन्मभर लोखंड वाजवून वाजवून कान गेले होते. आणि त्याच पुलावरून आमची लेक हेमा रोज गाडीने ठाण्याच्या शाळेत शिकवायला जात होती.

संध्याकाळी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलंच. आधी चिडले. मग रिकाम्या माठाकडे बघत म्हणाले, "शेवंते, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुलावरच्या काळुराम मिस्त्रीला कळलं तर हातोडी काढून घेईल. हातोडी गेली तर मी कोण गं?"

"मूठ झाकाल हो, पूल कसा झाकाल?"

"बोटांना कळतं मला. थरथर लागते."

"मग माठ काय कोपराने वाजवला होता?"

मला संताप आला होता आणि दयाही येत होती, दोन्ही एकदम. उठले, हेमाचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. "हा उद्या भरू का? ती त्याच पुलावरून जाणार. तुम्ही हो म्हणा, मी भरते. पुन्हा विषय काढणार नाही."

हो म्हणाले नाहीत. डब्याचं झाकण नुसतं उघडत-मिटत बसले.

सकाळी हेमाला म्हणाले, "आज घरीच राहा," आणि स्वतः जाऊन काळुराम मिस्त्रीसमोर हातोडी ठेवली. मिस्त्रीने दुसरी माणसं लावून पूल पुन्हा ठोकून घेतला. फुली नसलेले सैल रिवेट निघालेच. ते बदलेपर्यंत गाड्या पुलावरून हळू सोडत होते. मिस्त्री म्हणाला, "गुणाजी, वेळेवर सांगितलंस." ह्यांनी मान वर केली नाही. पुढे त्यांना सामानाच्या कोठारात बसवलं. पुलाचं नाव घरात निघेनासं झालं, आणि जेवताना ते फार बोलेनासे झाले. मी केलं ते बरोबरच केलं, तरी घास उतरायचा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तुळसाकडे गेलो. सवयीने त्यांनी माठ उचलला, बोट उगारलं, आणि तिथेच थांबले. मग माठ माझ्या हातात दिला.

"तू वाजव."

मी वाजवला. चांगला खणखणीत होता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, काय सांगते म्हणून. भर बाजारात मला रडू फुटलं, तर घाबरून विचारतात, "का गं, हाही फुटका आहे का?"