दोन मोटरसायकली, गिऱ्हाईक एक

एकाच आठवड्यात मी दोन माणसांना त्यांच्या मोटरसायकली घेतो म्हणून शब्द दिला. घ्यायची होती एकच.

मला कुणी फसवलं नाही, भरीला घातलं नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. पुढ्यात पार्ट येतो, मी त्याला हिरवं नाहीतर लाल स्टिकर लावतो, पार्ट पुढं जातो. त्यामुळं लोकांना वाटतं, या माणसाला निर्णय घेता येतो. आमच्या घरी खरं ठाऊक आहे. हॉटेलात मी मेनूकार्ड दोनदा मागवतो आणि शेवटी शेजारच्या टेबलावरचं बघून तेच सांगतो.

दिवाळीनंतर बायकोला मागं बसवून कन्याकुमारीला जायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. ती म्हणाली, "कंबर मोडली तर गाडी, तुम्ही आणि समुद्र, तिघांना तिथंच सोडून रेल्वेनं परत येईन." हा होकारच समजून मी सहा महिने रोज मोबाइलवर गाड्या बघितल्या. शेवटी दोन जाती उरल्या. एक जड, बसकी, दोन सिलिंडरची. हायवेवर ऐंशी-नव्वदनं दिवसभर चालवा, हातातला चहा सांडणार नाही अशी. दुसरी उंच, सडपातळ, एका सिलिंडरची. खड्डे, घाट, कच्चा रस्ता काहीही घाला पुढ्यात. जुन्यात दोन्ही सापडल्या. जड बिडकीनला, उंच हर्सूलला.

मंगळवारी रजा टाकून बिडकीनला गेलो. पत्ता विचारत विचारत घर सापडलं, तेव्हा अंगणात एक साठीचे गृहस्थ बाभळीचा ओंडका फोडत होते. ओट्यावर बाजेवर त्यांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा, मांडीत रॉड घातलेला, शेजारी वॉकर. आणि पत्र्याच्या शेडात ती. काळी, लांब, आरशासारखी पुसलेली. मागच्या मडगार्डवर मात्र बोटभर खोल चीर होती.

"हे काय झालं?" मी सवयीनं चिरेवर बोट फिरवत विचारलं.

"म्या हाणली," म्हातारा कुऱ्हाड ओंडक्यात तशीच रुतवून म्हणाला. "एकच. हे रडाया लागलं म्हून थांबलो."

झालं होतं असं. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा मुलानं ही गाडी घेतली. पावसाळ्यात पैठण रोडवर दुभाजकावर आदळला. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं आणि गाडीचा फक्त एक आरसा वाकला. म्हाताऱ्याचा राग नेमका याच्यावर होता.

"पोराचे तीन तुकडे, आन हिला वरखडा नाय," ते म्हणाले. "आयतवारी बारापस्तोर मुदत दिलीय. इकली तर इकली. नाय तर मी हाय, कुऱ्हाड हाय आन ही हाय."

"मित्राकडं ठेवतो म्हणलं, तरी ऐकत नाहीत," मुलगा म्हणाला.

"मित्राकडची परत येती. इकलेली येत नाय."

मी चक्कर मारून आलो. गाडी शेडातून मागं ओढायलाच मला जमेना, म्हाताऱ्यानं एका हातानं ढकलली. रस्त्याला लागल्यावर मात्र, काय सांगू, म्हैस पाण्यात बसावी तशी ती रस्त्यात बसली. परत आलो तर मुलगा वॉकर धरून फाटकाशी उभा होता. इंजिन बंद होईपर्यंत त्याचं लक्ष आवाजावर.

"काका, पाच जण येऊन गेले. पाय खाल्लेली गाडी म्हणतात, कुणी घेईना. तुम्ही चालवणार ना हिला? का नुसती दारात उभी करणार?"

"कन्याकुमारीला नेणार आहे."

त्याचा चेहरा असा काही उजळला की मी आणखी दोन शहरं वाढवून सांगितली. "मला तिथून फोटो पाठवा फक्त," तो म्हणाला. "धंद्याची गोष्ट नाय काका. माझ्यासमोर तिला तोडली तर..." त्यानं वॉकरचं रबर नखानं टोकरलं.

"घेतो," मी म्हणालो.

म्हातारा आत गेला, गुळाचा खडा आणून माझ्या तळहातावर ठेवला. जनावर विकलं की घेणाऱ्याला गूळ द्यायचा, गूळ खाल्ला की सौदा फिरत नाही, ही त्यांच्या घरची रीत. मग किल्लीतली दोरी सोडून त्यांनी खिशात टाकली. "दावं देत नसतेत," म्हणाले. मी गूळ खाल्ला.

"मग आजच न्या ना काका," मुलगा म्हणाला.

इथं मी माती खाल्ली. "रविवारी अकराला येतो," मी म्हणालो, "दिवस चांगला आहे." दिवसाबिवसाचं काही नव्हतं. शुक्रवारी मला हर्सूलची बघायची होती. दुसरा नमुना बघितल्याशिवाय पहिला पास करायचा नाही, हे कारखान्यात भिंतीवर लिहिलेलं आहे आणि माझ्या डोक्यातही.

हर्सूलचा मालक तुरुंग खात्यातून निवृत्त झालेला हवालदार. मनगट माझ्या पोटरीएवढं. गाडी इतकी उंच की सीटवर बसल्यावर माझ्या फक्त अंगठ्यांचा जमिनीशी संबंध राहिला. "मिसेस मागं बसणार ना?" हवालदार म्हणाले. "मग तसंच बघा. मी बसतो मागं." आणि शंभर किलोची ती मिसेस माझ्या पाठीला चिकटून बसली.

सावंगी ओलांडून चौक्याच्या घाटाला लागलो. गाडी छान चढत होती, मीही चढलो होतो. एका वळणावर समोरून भाज्यांच्या क्रेटनी भरलेला टेम्पो आमच्या बाजूला आला. मी पुढचा ब्रेक दाबला, खाली होती खडी. गाडी एकीकडं, मी दुसरीकडं, हवालदार कठड्याशी. माझं कोपर सोलून पांढरं दिसायला लागलं होतं.

टेम्पोवाला थांबला. मला वाटलं, उचलायला येतोय. त्यानं येऊन माझ्या हेल्मेटवर फाडकन चापट मारली. "मरना है तो घर में मर ना बे!" हात त्याचाच दुखला, म्हणून तो आणखी चिडला आणि त्यानं मला छातीत लाथ घातली. मी खडीत बसकण मारली.

हवालदार उठले. आधी पँट झटकली, मग चष्मा खिशात ठेवला. मग टेम्पोवाल्याची मानगूट धरून त्याला टेम्पोच्या पत्र्यावर असा आपटला की वरचे दोन क्रेट खाली आले. दोन थोबाडीत. घाईनं नाही, मोजून, एकीकडून आणि दुसरीकडून. त्याचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. टोमॅटो रस्त्यावर घरंगळत होते आणि काय रक्त, काय टोमॅटो मला कळेना.

"सायबांना सॉरी म्हण."

"सॉरी," तो म्हणाला.

"सॉरी," मीही म्हणालो, सवयीनं.

हवालदारांनी रुमालानं बोटांच्या गाठी पुसल्या. "कशी वाटली गाडी?"

"छान."

"घेता?"

रुमाल लाल झाला होता. मी त्या रुमालाकडं बघितलं, मनगटाकडं बघितलं. "घेतो," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द."

"मी तीस वर्षं जेलात काढली साहेब. शब्द मोडणारे लई बघितले," ते म्हणाले, माझ्या घरचा पत्ता विचारून घेतला आणि मला उचलून गाडीवर बसवलं.

शनिवारी दोघांपैकी एकाला फोन करायला हवा होता. बिडकीनला नाही म्हणावं तर त्या मुलाचा चेहरा आठवे. हर्सूलला नाही म्हणावं तर तो रुमाल. मी फोन कुणालाच केला नाही. बायकोनं कोपराचं विचारल्यावर कारखान्यात लागलं म्हणून सांगितलं, म्हणजे खोट्यांची संख्याही तीनवर गेली.

रविवारी अकराला मी बिडकीनला असायला हवा होतो. बारा वाजत आले तरी मी फोन सायलेंटवर टाकून घरात बायकोच्या टॅबवर त्याच दोन गाड्यांची तुलना करणारा व्हिडिओ पुन्हा बघत होतो. तो माणूस शेवटी म्हणाला, "निवड तुमच्यावर अवलंबून आहे." तेवढ्यात गेटाशी एका सिलिंडरचा ठोका आला.

हवालदार गाडी घेऊन, कागदपत्रांची पिशवी हँडलला अडकवून उभे. मी बाहेर आलो, माझ्या पाठोपाठ बायको. "ही कोणती गाडी?" तिनं विचारलं. "तुम्ही तर काळी म्हणाला होतात. बिडकीनची."

"बिडकीनची?" हवालदारांनी पिशवी खाली ठेवली.

मी समजावायला तोंड उघडलं. क्वालिटीतली माणसं समजावतात तसं, दोन नमुने, तुलना, वगैरे. तुलनेपर्यंत पोचलो असेन, तोवर माझी कॉलर त्यांच्या मुठीत गेली आणि माझं नाक आमच्याच गेटच्या कडीवर आपटलं. काहीतरी कट्ट झालं. तोंडात गरम, खारट आलं. समोरचे जोशीबुवा गॅलरीत पेपर घेऊन उभे होते, त्यांनी पान उलटलं नाही.

"शब्द दिला होता ना? दिला होता ना?" प्रत्येक 'ना'ला माझी पाठ लोखंडावर बसत होती. बायको मध्ये पडली, तिनं त्यांच्या दंडाला लोंबकळून पाहिलं. मग ती घरात धावली. मला वाटलं, पोलिसांना फोन करायला गेली. ती आली ती माझाच फोन घेऊन.

"अहो, एकोणीस मिस्ड कॉल आहेत. आणि आता पुन्हा येतोय." तिनं स्पीकर लावला.

"काका! कुठंयत? बारा वाजून गेले! बापानं कुऱ्हाड..." मग एक आवाज आला. पत्र्यावर लोखंड बसल्याचा. मग मुलाची किंकाळी, मग पुन्हा पत्रा, आणि फोन बंद.

हवालदारांनी कॉलर सोडली. "हे काय होतं?"

मी नाक धरून सांगितलं. मंगळवार, मुदत, मोडलेला पाय, सगळं.

"म्हणजे त्यांना आधी शब्द दिला?"

"हो."

"मग मला कशाला दिला?"

"तुमच्या हाताला रक्त होतं."

त्यांनी माझ्या थोबाडीत आणखी एक दिली. ही जरा हळू होती. "बसा मागं," म्हणाले.

बायपासवरून पैठण रोडवर त्यांनी ती उंच गाडी अशी हाणली की मला पहिल्यांदा कळलं, ही काय चीज आहे. ही घ्यायला हवी, असा विचार तेव्हाही माझ्या मनात आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला.

अंगणात पोचलो तेव्हा पेट्रोलचा वास आधी आला. म्हाताऱ्यानं झाड तोडतात तसं काम केलं होतं, आधी फांद्या. दोन्ही आरसे, इंडिकेटर, दिवा मातीत पडलेले. मग खोड. टाकी वरून खालपर्यंत फाटली होती, सीटचा स्पंज बाहेर लोंबत होता. बाज उलटी, वॉकर भिंतीशी. मुलगा मागच्या चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारून जमिनीवर पडला होता, रॉडवाला पाय वाकडा. म्हातारा एका हातानं त्याचा शर्ट धरून त्याला ओढत होता, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. मुलाचा ओठ फुटलेला. शर्ट टर्रकन फाटला, मुलगा सुटला आणि त्यानं बापाच्या पोटरीचा कडकडून चावा घेतला. म्हातारा ओरडला आणि कुऱ्हाड वर गेली.

हवालदारांनी गाडीवरून उडीच मारली. स्टँड लावायला वेळ नव्हता. मी मागं बसलेला, पाय जमिनीला लागत नाहीत. गाडी आडवी झाली आणि मी तिच्याखाली. सायलेन्सर पोटरीला चिकटला, कातडं चरचरलं. पुढचं सगळं मी झोपून बघितलं.

हवालदारांनी वर गेलेलं मनगट धरलं आणि पिरगाळलं. कुऱ्हाड मुलाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर मातीत रुतली. म्हाताऱ्यानं दुसऱ्या हातानं त्यांच्या कानशिलात हाणली, डोक्यानं धडक दिली, गुडघा मारला. हवालदारांनी परत मारलं नाही. त्यांनी मागून कव घातली आणि नुसतं धरून ठेवलं. म्हातारा बराच वेळ लाथा झाडत राहिला, मग थांबला.

"पाय राहिला म्हून तोडली," तो धापा टाकत मुलाला म्हणाला. "पाय गेला असता तर जाळली असती."

मुलगा बसल्या बसल्या आरशाचे तुकडे गोळा करून फाटक्या शर्टात ठेवत होता. एकदा त्यानं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "अकरा म्हणाला होतात काका," एवढंच म्हणाला, आणि पुन्हा तुकडे वेचायला लागला.

हवालदारांनी म्हाताऱ्याला ओट्यावर बसवलं आणि माझ्यावरची गाडी उचलली. मी लंगडत उभा राहिलो. नाक सुजलेलं, शर्ट पुढून लाल, पोटरीवर भाजल्याचा चट्टा. मी हात जोडले.

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हवालदारांना विचारलं, "ह्याला कुणी मारलं?"

"मी," हवालदार म्हणाले.

"लई कमी मारलं."