डावा मोठा, उजवा लहान

तुम्ही दोघांनी मला ती शीट पाठवलीत ती गंमत म्हणून. तुमच्या कॉलेजातली मुलं त्यातून बूट आणि जॅकेटं मागवतात, एवढंच मला कळलं होतं. उघडली तर ओळी संपता संपेनात. प्रत्येक ओळीत वस्तूचा फोटो, मापं, वजन आणि कुठल्यातरी परदेशी दुकानाची लिंक. ती दुकानं आपल्याला थेट माल देत नाहीत. तिथला एजंट आपल्या वतीने वस्तू विकत घेतो, स्वतःच्या गोदामात आणतो, फोटो काढून आपल्याला दाखवतो आणि आपण होकार दिला की खोक्यात बांधून रवाना करतो. निम्म्या ओळी मोठ्या कंपन्यांच्या नकलांच्या होत्या. त्या मी काढून टाकल्या आणि उरलेल्या मापांप्रमाणे नीट लावून घेतल्या.

तुमचे आजोबा म्हणाले, "घरातली कपाटं संपली वाटतं. आता परक्यांची आवरायला घेतलीस."

त्या मापांच्या रकान्यामुळेच मला आपल्या वरच्या मजल्यावरची मुलगी आठवली. तुम्ही सुट्टीत आलात की पत्ते खेळायला यायची आणि हरली की पत्ते उधळायची, तीच. आता ती बंदराजवळ द्रोणागिरीला एका गोदामात कंटेनरच्या कागदपत्रांचं काम बघते. तिचं लग्न ठरलं होतं.

तुम्हाला कदाचित कधी लक्षात आलं नसेल, पण तिचे पाय सारखे नाहीत. लहानपणीच्या एका आजारात उजवा पाय वाढायचा राहिला. डाव्याला एकोणचाळीसचं माप लागतं, उजव्याला छत्तीसचं. खांदा कॉलनीतल्या आणि जुन्या पनवेलच्या सगळ्या दुकानांत ती आईबरोबर हिंडून आली होती. एकाच डिझाइनमध्ये ही दोन्ही मापं क्वचितच मिळत, आणि सुटी चप्पल कोण विकणार? मग मोठ्या मापाचा जोड घ्यायचा आणि उजवीकडे कापूस कोंबायचा. कापूस दबला की पाय आत सरकायचा आणि ती पाय ओढत चालायची. देवळात किंवा कुणाच्या लग्नात गेली की चपला इतरांसारख्या दाराशी काढून ठेवायची नाही. कापडी पिशवीत घालून जवळ बाळगायची. आत कोंबलेला कापूस कुणाला दिसायला नको.

साखरपुड्याला मुलाच्या आत्याबाईंनी अगदी मायेने विचारलं होतं, "पायाला काही लागलंय का गं तुझ्या?" पोरगी हसून "नाही" म्हणाली, आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडली.

"आजी, मी लंगडत नाही हो. माझी चप्पल लंगडते. लग्नाच्या हॉलमध्ये एकदा, फक्त एकदा मला सरळ चालत जायचंय."

शीटमधल्या एका सोनेरी सँडलला चौतीसपासून त्रेचाळीसपर्यंत सगळी मापं होती. मी एजंटला इंग्रजीत सविस्तर लिहिलं: दोन जोड घ्या, मोठ्यातला डावा आणि लहानातला उजवा असा एक जोड करा. उरलेल्या दोन सँडल इकडे कुणाच्या कामाच्या नव्हत्या आणि वाहतूक वजनावर होती, म्हणून त्या टाकून द्या असंही लिहिलं. वर तिच्या आईला हे ऐकवलं तर तिचा चेहरा उतरला. "नव्याकोऱ्या टाकायच्या, काकू? बरं वाटत नाही हो." मलाही बरं वाटत नव्हतं, पण कळवून झालं होतं.

जोड तयार केल्याचा फोटो आला तेव्हा मुलगी कामावर होती. तिथे आत फोन नेऊ देत नाहीत. एजंट म्हणत होता, लगेच होकार द्या, म्हणजे आजच्या मालात जाईल. लग्न जवळ आलेलं. तिची आई खाली आली. आम्ही दोघी चष्मे लावून फोनवर वाकलो.

"मोठी डावीकडे आहे," मी म्हणाले.

"आणि लहान उजवीकडे. बरोबर आहे, काकू. टाका हो म्हणून."

मी होकार कळवला आणि आम्ही चहा घेतला.

संध्याकाळी मुलगी दारातूनच ओरडत आली, "बघू, बघू!" फोटो मोठा करून बघितला. मग फोन घेऊन दाराबाहेर गेली आणि आमच्या चपलांकडे बोट दाखवलं.

तुम्हाला आपल्या घरची शिस्त ठाऊक आहे. आत आलं की चपला वळवून टोकं बाहेरच्या दिशेने करून ठेवायच्या, म्हणजे निघताना पाय थेट आत जातो. वरच्या घरातही तसंच. घरातून दारात उभं राहून बघितलं की डावी चप्पल डावीकडे दिसते. एजंटच्या फोटोत सँडलची टोकं आमच्याकडे होती. म्हणजे डावीकडे दिसणारी मोठी सँडल उजव्या पायाची होती. तिथल्या माणसाने उलटा जोड लावला होता, आणि आम्ही दोघी जन्मभराच्या सवयीने त्याला बरोबर म्हणून बसलो होतो.

"म्हणजे मला हव्या होत्या त्याच टाकायला सांगितल्यात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. तिची आई पायरीवर बसली. नवी ऑर्डर लग्नाआधी पोचणं शक्य नव्हतं.

मी लगेच लिहायला घेतलं. सवयीने "I regret to inform you" असं सुरू केलं. पोरगी खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "आजी, राजीनामा देताय का?" आणि फोन घेऊन तिने चार शब्दांत विचारलं: उरलेल्या सँडल आहेत का?

सकाळी उत्तर आलं. यंत्राने भाषांतर केलेलं असावं, कारण मला "प्रिय मित्रा" म्हटलं होतं. त्यात लिहिलं होतं, की सँडल आहेत. माल बांधणाऱ्या बाईंनी त्या फडताळात ठेवल्यात, नवीन वस्तू टाकायला त्यांना आवडत नाही. आधीचं खोकं गाडीत चढायचं राहिलंय, त्यात आता या घालू का? खाली फोटो होता. या वेळी सँडलची टोकं भिंतीकडे होती. तरी मुलीने माझ्या दारात, आमच्या चपलांशेजारी उभं राहून तो ताडून बघितला आणि मगच होकार दिला.

मी वर जाऊन तिच्या आईला सांगितलं, "तिकडेही तुझ्यासारखीच एक बाई आहे."

खोकं लग्नाच्या आदल्या आठवड्यात आलं. तिने सँडल घातल्या आणि आमच्या हॉलमधून बाल्कनीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तुमचे आजोबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं पोरी, फरशी झिजेल." ती थांबली नाही.

लग्नाच्या दिवशी ती गाडीतून उतरून हॉलमध्ये चालत आली. मी तिच्या मागेच होते, खांद्याला तिची जुनी कापडी पिशवी अडकवून. सवयीने तिनेच सकाळी माझ्याकडे दिली होती. मांडवाजवळ पाहुण्यांच्या चपलांचा ढीग होता. तिथे ती थांबली, सँडल काढल्या. मी पिशवी उघडून पुढे केली.

"राहू द्या आजी, इथेच ठेवते," ती म्हणाली. नऊवारी सावरत वाकली, सगळ्यांच्या चपलांत आपला जोड ठेवला, टोकं बाहेरच्या दिशेला वळवली आणि मांडवात गेली.

पिशवी माझ्याकडेच आहे. हल्ली मी तीत बटाटे आणते.