सिद्धोधन मिस्तरीनं गाळलेलं पान

चुडाव्याच्या बौद्धवस्तीत सिद्धोधन मिस्तरीला ओळखत नाही असं पोर सापडायचं नाही. दिवसा तो परभणीच्या एमआयडीसीत लेथवर लोखंड कातत उभा असतो आणि वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायला बसतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत जेवणं उरकली की वस्ती विहारात जमते, पंचशील होतं आणि मग वाचन. बाप वारला त्या सालापासून वाचायची जागा सिद्धोधनची. ती काही सरपंचाची खुर्ची नव्हे. ना मान, ना हारतुरे. पण थकलाभागला माणूस पॅसेंजरमधून उतरतो, अंगावर दोन तांबे पाणी घेतो, पांढरा सदरा घालतो आणि लेकराबाळांसकट वस्ती त्याच्या शब्दाकडं कान लावून बसते, हे सुख थोडकं नाही. सिद्धोधनला तरी दुसरं कुठलं होतं म्हणा.

कारखाना व्यंकटरावांचा. हे वालूरकडचे बागायतदार. जमिनीचा एक तुकडा विकून त्यांनी तो उभा केला. पुण्याच्या एका कंपनीला मोटारीच्या चाकामागचा लोखंडी भाग करून द्यायचा, एवढंच काम. आपला माल कुठल्या मोटारीत जातो हे सिद्धोधनला पक्कं ठाऊक. रस्त्यानं तसली मोटार गेली की बायकोला, सुकेशनीला, कोपरानं ढोसून सांगायचा, ही चालली बघ माझी. ती म्हणायची, तुमची असती तर आपण एसटीची वाट बघत धूळ खाल्ली नसती.

मग कुठं तरी लांब लढाई पेटली. पेटली ती पेटली, विझायचं नाव नाही. इकडं मोटारींचा खप बसला, पुण्याचं काम आटलं, अर्धी मशिनं झाकून ठेवली. माणसांना पाळीपाळीनं घरी बसायला सांगितलं. आणि एक दिवस व्यंकटराव पेढे घेऊन आले. नवं काम मिळालं होतं. तोफगोळ्याचं पोकळ अंग कातून द्यायचं. बारूद भरणार ते दुसरे. माणसं एकमेकांकडं बघायला लागली तशी त्यांनी समजूत घातली, की यात नवल काही नाही, मोठ्या महायुद्धात अमेरिकेतल्या मोटारींच्या कारखान्यांनी मोटारी बंद करून रणगाडे अन् विमानं केली होती. अमेरिकेनं केलं म्हणजे परभणीनं का करू नये! पेढा सिद्धोधनच्या हातात तसाच राहिला.

दुपारी तो व्यंकटरावांकडं गेला आणि मला जुन्याच कामावर ठेवा म्हणाला. जुनं काम राहिलंय कुठं मिस्तरी, असं त्यांनी उलट विचारलं. ते चिडले नाहीत. त्यांचंही तोंड उतरलेलंच होतं. दुसरीकडं जावं, तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण उभं करतो? लेक धम्मशीला नांदेडला नर्सिंगला, तिचं अजून निम्मं शिक्षण व्हायचं होतं. सुकेशनी म्हणाली, तुम्ही लोखंड कातता, पुढचं ज्याचं त्याला. बाईमाणसाला चूल दिसते, तिला नाव कशाला ठेवा. सिद्धोधन कातायला लागला. काम तसं सोपंच. गोळा गुळगुळीत झाला की पुसायचा, ठेवायचा, दुसरा चढवायचा. पण हा माल रस्त्यानं जाताना दिसायचा नाही. तो कुठं जाऊन पडणार हे सांगायला कुणी यायचं नव्हतं. वस्तीत त्यानं काही कळू दिलं नाही. कारखान्याचं विचारलं की चाललंय म्हणायचा आणि विषय बदलायचा.

अशात वर्षावास लागला. वाचता वाचता एक संध्याकाळ अशी आली, की पुढच्या पानावर उपासकानं कोणते धंदे करू नयेत ते होतं. सिद्धोधनला ते पान तोंडपाठ. सकाळपासून त्याचं कामात लक्ष नव्हतं. विहारात बसला, पंचशील झालं, त्या पानाशी आला आणि बोट ओलं करून त्यानं दोन पानं एकदम उलटली. एवढ्या वर्षांत जे केलं नाही ते केलं. आवाजसुद्धा हलला नाही त्याचा.

कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण पुढं सरजाबाई बसली होती, सिद्धोधनची चुलती. तिला अक्षर येत नाही, बाकीचं वाचन ती डुलक्या घेत ऐकते. पण या पानाला ती टक्क जागी असते. तिचा नवरा हातभट्टीची विकायचा. एका वर्षावासात त्यानं हे पान ऐकलं, घरी गेला आणि मडकी फोडून टाकली. तेव्हापासून दरसाल ती या पानाला डोक्यावरचा पदर सारखा करून बसते, जणू नवऱ्याचंच नाव घेतलं जाणार आहे.

"शिद्धू," ती म्हणाली, "माझं पान कुठं गेलं रं?"

बाया हसल्या. म्हातारीची डुलकी लागली असेल, असं कुणी तरी म्हणालं. पण सिद्धोधन तिच्याकडं बघू शकेना. त्यानं पान मागं घेतलं आणि वाचलं. न करायच्या धंद्यांत पहिलाच धंदा शस्त्रांचा. मग प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा, विषाचा. दारूचं आलं तशी सरजाबाईनं मान डोलावली. सिद्धोधननं ग्रंथ मिटला.

"पान म्या मुद्दाम गाळलं," तो म्हणाला. "आमच्या कारखान्यात आता मोटारीचं काम न्हाई. मी तोफेचे गोळे करायलोय. उद्यापासून दुसऱ्या कुणी तरी वाचावं."

सरजाबाई बोलली, पण त्याला दोष द्यायला नव्हे.

"ह्यांनी मडकी फोडली तवा घरात दाणा नव्हता. लेकरं उपाशी निजली. लय दिवस मी ह्यांच्याशी बोलले न्हाई, बाबा."

खरं सांगायचं तर सिद्धोधनला वाटलं होतं, कुणी तरी म्हणेल, असू द्या मिस्तरी, वाचा तुम्हीच. एकानं तरी म्हणावं! कुणी म्हणालं नाही. शेवटी नागसेनचं नाव निघालं. आयटीआय झालेला, शांत, वाचनात अडखळत नाही. बाप मजुरीला जाणारा, पोरगा कामाच्या शोधात. सिद्धोधननं ग्रंथ कपड्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि घरी येऊन आडवा झाला.

सकाळी स्टेशनवर बघतो तर नागसेन उभा. इस्त्रीचा शर्ट, खाकेत प्रमाणपत्रांची पिशवी. रात्रभर विचार केला म्हणाला. घरचं काही खरं नव्हतं, बाप आता उन्हात टिकत नव्हता.

"काका, तुमच्या तिथं मला लावता का? कसलं बी काम करीन."

आता बघा, परवाच व्यंकटरावांनी सिद्धोधनला बोलावून सांगितलं होतं, मिस्तरी, दुसरी पाळी सुरू करायची आहे, तुमच्या गावाकडची दोन आयटीआयवाली पोरं बघा. एका शब्दाचं काम. एक शब्द टाकला असता तर नागसेनच्या बापाला सावली मिळाली असती. पण मग ग्रंथ कोण वाचणार? का वस्तीतल्या एकेका वाचणाऱ्याला त्या लेथवर नेऊन उभं करायचं? लांबून गाडीची शिटी ऐकू आली.

"न्हाई रे," सिद्धोधन म्हणाला. "भरती बंद हाय."

नागसेनचा चेहरा पडला. पण त्यानं हट्ट धरला नाही, दुसऱ्या कुणाला विचारू का असंही म्हणाला नाही.

"तुमी म्हणता म्हंजे बंदच असंल, काका. काल समद्यांसमोर खरं बोललात, म्हणून तर तुमालाच इचारलं."

एवढं बोलून तो वाकून पाया पडला आणि पिशवी सावरत वस्तीकडं निघाला. गाडी आली. सिद्धोधन चढला, दाराशीच उभा राहिला. जागा रिकामी होती, पण बसायचं त्याला सुचलं नाही.