कावळा कुणाचं ऐकतो

बायडाबाईनं म्हशी राखून, घरोघर दूध घालून एकुलत्या विश्वजितला शिकवलं. शिकून त्यानं काय केलं, तर म्हशी विकायला लावल्या आणि रिकाम्या गोठ्यात समुद्राच्या वासाचे साबण, अत्तरं करायला बसला. नाव ठेवलं ‘गाज’. कोल्हापुरात कुठला आलाय समुद्र? पण सून अनुजानं मोबाइलवर असा बाजार मांडला की पुण्या-मुंबईच्या बायका ‘गाज’ अंगाला फासायला लागल्या. बायडाबाईच्या वाट्याला खोकी चिकटवणं आलं. “ह्या अवदसेनं माझं पोरगं नासवलं,” असं ती गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

नव्या अत्तराच्या जाहिरातीसाठी मालवणला गेलेला विश्वजित लाटेत ओढला गेला आणि बुडाला. मागं अनुजा आणि लहान लेक राहिली.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला, तर एकही कावळा शिवेना. म्हणजे पोराचा जीव कशात तरी अडकलाय. बायडाबाई हात जोडून पुढं झाली. “इश्या, पोरा, तुझ्या लेकीला मी सांभाळतो.” कावळा हलला नाही. “परत म्हशी घेतो, गोठा भरतो.” तरी नाही. मग ती सुनेवर खेकसली, “कंपनी बंद करतो म्हण! तिनंच माझा ल्योक गिळला.”

अनुजा पिंडापुढं वाकली. “अहो, तुमचं अत्तर ठरल्या दिवशीच बाजारात येईल.”

कावळा झपकन खाली आला.

“शिवला, शिवला!” म्हणत भाऊकी उठली. बायडाबाईला उठता येईना.

अत्तर ठरल्या दिवशी आलं. खोकी बायडाबाईनंच चिकटवली.