विटनेस म्हणजे बघणारा

लिहून देणार : मी, तुळजापूर तहसील कचेरीसमोर सतरा वर्षे अर्ज लिहून देणारा. विषय : माझ्या टेबलाशेजारच्या बाकड्यावर बसणारे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. साक्षीदार : सुमनबाई, राहणार बेंबळी, आणि कचेरीसमोरचा चहावाला. कारणे लिहून देतो की, एका इंग्रजी शब्दाशी इतका एकनिष्ठ राहिलेला मनुष्य उभ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नाही.

तो शब्द विटनेस. इतरांना ती कागदाच्या तळाची मोकळी रेघ वाटते. एका चहात दोन सह्या मिळतात. मास्तर मात्र सही मागणाऱ्याला आधी स्पेलिंग म्हणायला लावतात, शेवटचे दोन्ही एस स्पष्ट ऐकतात आणि मग अर्थ सांगतात, "विटनेस म्हणजे सही करणारा न्हाय, बघणारा. सही मागनं येते." नोंदणीसाठी आलेल्या एका जोडप्याला, "मी तुमच्या लग्नात नव्हतो," म्हणून त्यांनी लिंबाखाली पुन्हा हार घालायला लावले. नवरी लाजली, चहावाल्याने अक्षता म्हणून साखर उधळली, तेव्हा कुठे पेनाचे टोपण निघाले. तरी सहीखाली मास्तरांनी लिहिले, 'फक्त हार पाहिले.'

सुमनबाई आल्या त्या तामलवाडीच्या वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागायला. माहेरच्या कागदावर त्या छबू, सासरच्या कागदावर सुमन. आणि भाऊ म्हणत, ही आमची छबू नव्हेच. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. दोन्ही नावांची बाई एकच, असे प्रतिज्ञापत्र मी सुबक लिहून मास्तरांपुढे सरकवले.

"सुमनबाईला ओळखतो. पोरगं माझ्या वर्गात होतं. छबूला कुठं बघितलंय?"

"मास्तर, बाई समोर बसलीय!"

"ती सुमन बसलीय."

"अवो गुरुजी, मग माझ्यातली छबू मेली व्हय?" बाई कळवळल्या.

मास्तर उठले. "चला तामलवाडीला."

एसटीने गेले, संध्याकाळी परतले. माहेरच्या गल्लीत शिरताच ओट्यावरून एक म्हातारी ओरडली होती, "छबे, लई वाळलीस की गं!" आणि बाई झटकन वळल्या होत्या. "आता बघितलं," म्हणत मास्तरांनी सही ठोकली. म्हातारीही सुनावणीला आली. बाईंचे नाव जमिनीला लागले.

त्या आनंदात मी मास्तरांना त्यांचे घरचे नाव विचारले. ते चहा ढवळत म्हणाले, "होतं एक. तशी हाक मारणारं कुणी राहिलं न्हाय. मी सांगून काय उपयोग? मी माझा विटनेस होत नसतो."

सबब मास्तरांच्या मूळ गावच्या, म्हणजे कळंबकडील जुन्या मंडळींना नम्र विनंती की, मास्तरांना लहानपणी त्या नावाने हाक मारलेले कुणी हयात असल्यास त्यांनी कचेरीच्या वेळेत इथे यावे आणि मागून एकदा हाक मारावी. मी समोरच बसलेला असतो. बघीन.